नांडोलो म्हणजे आपली तूरच: मलावीतल्या बायका, त्यांची बिनखताची शेती आणि आपण

लातूरकरीण | रविवार, रात्री १०:१२

बरेच दिवस मनात होतं लिहायचं, आज बसलेच. मागच्या आठवड्यात इथे सेंद्रिय शेतीच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की आफ्रिकेत तर सगळं आपोआपच सेंद्रिय आहे, त्यांना कुठे खत परवडतं. ते वाचून झोप लागली नाही मला. कारण त्यात थोडं खरं आहे आणि बरंच सुटलंय.

आम्ही २०१४ ते २०१९ मलावीत होतो. दक्षिणेला ब्लँटायर शहर आहे, त्याला जोडूनच लिंबे. मिस्टर तिथल्या एका डाळमिलवर होते. लातूरच्या डाळमिलमधला माणूस आफ्रिकेतल्या डाळमिलवर, लोकांना नवल वाटतं, पण तिथे तूर इतकी पिकते की मिल असणारच. तिथल्या चिचेवा भाषेत तुरीला नांडोलो म्हणतात. पहिल्या वर्षी जुलैमध्ये थ्योलोच्या रस्त्याला गेलो, एका बाजूला चहाचे मळे आणि दुसऱ्या बाजूला उभी तूर, मी गाडीतच रडायला लागले, इतकं घर आठवलं.

तर शेतीचं सांगते. तिथे दक्षिण भागात एकेका घराकडे एकर-दीड एकर, कित्येकींकडे त्याहून कमी. बैल नाहीत, औत नाही. सगळं खासूने. खासू म्हणजे लांब दांड्याची कुदळ समजा. नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला की मका आणि तूर एकाच वरंब्यावर टोकायची. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तूर तशीच उभी राहते ती जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडे ज्वारीत तूर, कापसात तूर, तसंच.

माझ्या ओळखीची एक बाई होती, चिराद्झुलू जिल्ह्यातली, मी तिला अमायी म्हणायचे. अमायी म्हणजे आई, पण तिथे कुठल्याही बाईला आदराने तेच म्हणतात. तिच्याकडे मी मे महिन्यात एकदा दिवसभर राहिले. त्या तुकड्यात तूर नव्हती, मका काढून झाला होता, ताटं शेतातच आडवी पडलेली. बाकीच्यांनी पेटवून दिली होती, उंदीर धरायला आणि रान साफ व्हायला. हिने एक काडी पेटवली नव्हती. ताटं सरीत ओढायची, वरून शेजारच्या तुरीखालचा गळलेला पाला लोटायचा आणि जुना वरंबा मधोमध फोडून त्याची माती दोन्ही बाजूंना त्या पाल्यावर ओढायची. म्हणजे मागच्या वर्षीची सरी ती यंदाचा वरंबा. पाठीला चितेंजे कापडात नातू बांधलेला. मी अर्धा वरंबा फोडला आणि हाताला फोड आले, ती सकाळपासून अकरावा फोडत होती. मे मध्ये का, तर जमिनीत ओल असते तोवरच खासू लागतो, नंतर दगड होते माती.

आता सांगा, ज्यांना खत परवडत नाही म्हणून ज्यांची शेती बिनखताची आहे, आणि ही बाई, दोघींना ‘सेंद्रिय’ हा एकच शब्द कसा लावायचा? खत नाही आणि काहीच नाही, ती शेती दरवर्षी थोडी थोडी मरते. हिने जे केलं त्याला डोकं लागतं, अंग मोडेस्तोवर काम लागतं. आफ्रिकेतल्या सेंद्रिय चळवळीबद्दल बोलायचं तर मला तरी ही गोष्ट आधी बोलावीशी वाटते, की ते काम कुणाचं आणि त्याचा पैसा कुणाच्या हातात.

हिच्या बाबतीत पैशाचं असं झालं. ऑगस्टमध्ये सायकलवरून फिरते व्यापारी येतात, दारात माल घेतात. अमायी म्हणाली, मका माझा, कारण तो खायचा. नांडोलो विकायची, म्हणून ती नवऱ्याची. बस.

अजून खूप आहे, उद्या लिहिते. कुणाला यातलं माहीत असेल तर लिहा ना.

---

काळीमाती | रविवार, रात्री ११:३०

ताई, काय सुंदर लिहिलंय. वरंबा फोडून पाला गाडायचं डोळ्यासमोर आलं. तुरीचा बेवड आपल्याकडे आजी-आजोबांपासून माहीत आहे, तुरीनंतर जे पेराल ते येतं. मुळावरच्या गाठी नत्र धरतात आणि पालाही भरपूर गळतो.

एक विचारायचं होतं. तिकडे जमीन बायकांच्या नावावर असते असं ऐकलंय, मग पैसा नवऱ्याकडे कसा?

---

लातूरकरीण | सोमवार, सकाळी ७:०५

बरोबर ऐकलंय. दक्षिण मलावीत लोम्वे, याओ वगैरे समाजात जमीन आईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावात येऊन राहतो. म्हणजे गावातले बहुतेक नवरे घरजावईच. मला सुरुवातीला वाटलं वा, इथे तर बायकांचं राज्य. पण बायकांच्या त्या कुळावर देखरेख असते मामाची किंवा मोठ्या भावाची. जमीन बाईची, तंटा झाला तर शब्द मामाचा, आणि बाजारात जाणारा नवरा. सातबाऱ्यावर नाव असूनही व्यवहार दुसऱ्याने करावा हे काय आपल्याला नवीन नाही.

उत्तर मलावीत उलटं. तिथे तुंबुका, न्गोनी समाज, मुलगी देताना मुलाकडचे गुरं देतात आणि ती नवऱ्याच्या गावी जाते. तिथलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. एक्वेंडेनी नावाचं गाव आहे, म्झुझू शहराच्या वरच्या अंगाला. तिथल्या दवाखान्यात एस्थर लुपाफ्या नावाच्या नर्सबाई होत्या. कुपोषित मुलं पुन्हा पुन्हा दवाखान्यात येतात, औषध देऊन घरी पाठवलं की परत तेच. मग २००० साली त्यांनी आणि रेचल बेझनर कर या कॅनडाच्या संशोधिकेने माती आणि पोरांचं खाणं एकत्र धरून काम सुरू केलं. तूर आणि भुईमूग एकत्र, सोयाबीन, चवळीवर्गीय पिकं, पाला गाडायचा, पुढच्या वर्षी तिथे मका. खत घ्यायला पैसे नसलेल्या घरांसाठी.

आणि मग त्यांना दिसलं की द्विदल पिकं वाढली की बायकांचंच काम वाढतं. पाला गाडणं वाढलं, शेंगा फोडणं वाढलं, आणि पीक जास्त आलं की नवरा नेऊन विकतो, पैसे दारूत जातात. म्हणजे माती सुधारली पण पोराच्या ताटात काही आलं नाही. याच्यावर त्यांनी काय केलं तर गावात एकत्र स्वयंपाकाचे दिवस सुरू केले. पुरुषांनी सगळ्यांसमोर सोयाबीनचं, भुईमुगाचं शिजवायचं. तिथे पुरुषाने चुलीपाशी बसणं म्हणजे लाज, आपल्याकडेही होतीच की. पण एका घरी नाही, गावासमोर, सगळ्यांनी मिळून, त्यामुळे कुणा एकाची लाज राहिली नाही. सासवा, नवरे, सुना एकत्र बसून पोराला काय भरवायचं, पैसा कशावर खर्चायचा हे बोलायला लागले. नंतर मुलांची वजनं सुधारल्याचे अभ्यासही आलेत.

सेंद्रिय शेतीच्या प्रशिक्षणात गांडूळखताचा बेड कसा करायचा ते सगळे शिकवतात. एक्वेंडेनीत त्या कामात चुलीलाही जागा मिळाली, मला ते फार मोठं वाटतं.

---

जिरायती | सोमवार, सकाळी ९:४८

धागा चांगलाय पण दुसरी बाजू पण मांडतो, राग नसावा. मलावीतच २००२ च्या आसपास माणसं भुकेने मेली. मग २००५-०६ पासून सरकारने खत-बियाण्यावर मोठं अनुदान दिलं आणि दोन वर्षांत मका कितीतरी वाढला, जगभर त्याचं कौतुक झालं. ज्या देशात माणूस उपाशी आहे तिथे त्याला खत नको म्हणणं हे पोट भरलेल्यांचं काम आहे असं मला वाटतं. श्रीलंकेने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खत बंद केलं आणि सात महिन्यांत मागे घ्यावं लागलं, भात आणि चहा दोन्ही झोपले.

मी स्वतः हरभऱ्याला डीएपी हे रासायनिक खत टाकतो आणि टाकत राहणार.

---

लातूरकरीण | सोमवार, दुपारी २:२०

राग कसला, तुमचा मुद्दा खराच आहे. अनुदान आलं तेव्हा मका वाढला, मी तिथे असताना लोक त्या वर्षांबद्दल बोलायचे. पण कूपन दोन पोत्यांचं, आणि मिळणार गावातल्या काही घरांना. यादीत कोण बसणार हे गावचा मुखिया ठरवणार. मलावीला समुद्र नाही, खत दुसऱ्या देशांच्या बंदरांतून ट्रकने येतं, त्याचा खर्च, वर क्वाचा (तिथलं चलन) घसरला की भाव दुप्पट. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा अमायीच्या मुलीने फोनवर सांगितलं, खताचं पोतं बघायलासुद्धा कुणी जात नाही दुकानात. सरकारच्या शेतीखात्याचं निम्म्याहून जास्त बजेट कधीकधी त्या एका योजनेत गेलंय. आणि जमीन नुसती मक्यावर मका घेऊन इतकी थकलेली की खत टाकलं तरी पूर्वीसारखं लागत नाही.

कुणी कुणाला खत नको म्हणावं असं मी म्हणतच नाही. तिथे कोंबडीची विष्ठा, मक्याचा कोंडा, राख यात थोडंसंच विकतचं खत मिसळून मुरवतात, त्याला म्बेया खत म्हणतात, अमायी पण मूठभर मिळालं की तसंच करायची. प्रमाणपत्रवाले त्याला सेंद्रिय म्हणणार नाहीत. मला तिच्यात काही चूक दिसत नाही.

श्रीलंकेत वरून हुकूम आला. इथे बायका एकमेकींकडून शिकतायत, वर्षागणिक. फरक आहे दादा.

---

किडा_मुंगी | सोमवार, संध्याकाळी ६:१५

मी कीटकशास्त्राला आहे (राहुरी). या विषयावर मला पश्चिम केनियाचं उदाहरण सगळ्यात आवडतं, पुश-पुल. आमच्या सरांनी वर्गात शिकवलं तेव्हापासून डोक्यात बसलंय, जरा सविस्तर लिहितो.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्बिता म्हणून ठिकाण आहे, तिथे इसिपेचं केंद्र आहे. इसिपे म्हणजे नैरोबीची आंतरराष्ट्रीय कीटकसंशोधन संस्था, १९७० मध्ये थॉमस ओधियांबो यांनी काढली. तिथे ९० च्या दशकात झेयाउर खान या मूळ भारतीय शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेबरोबर हे काम उभं केलं. अडचणी दोन होत्या. मका-ज्वारीला खोडकिडा, आणि टारफुला. टारफुला आपल्याकडच्या ज्वारीवाल्यांना माहीत आहे, जांभळट सुंदर फूल दिसतं पण खाली पिकाच्या मुळात घुसून रस पितो, एका झाडाला हजारो बारीक बिया आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. तो उपटायचं काम कुणाचं तर बायकांचं. उपटायला येईपर्यंत पीक खाऊन झालेलं असतं.

उपाय असा की मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम लावायचं, ही एक पसरणारी शेंगवर्गीय वेल. तिच्या वासाने खोडकिड्याचे पतंग पळतात (हा पुश). शेताच्या कडेने नेपियर गवताच्या ओळी, तिथे पतंग आकर्षित होऊन अंडी घालतात (हा पुल), आणि गंमत म्हणजे अळी नेपियरमध्ये शिरायला लागली की त्यातून चिकट द्रव येतो आणि ती त्यातच अडकून मरते. तिसरं म्हणजे डेस्मोडियमची मुळं असं काही सोडतात की टारफुल्याचं बी रुजतं पण त्याला यजमानाचं मूळ सापडत नाही, मरून जातं. म्हणजे जमिनीतला बियांचा साठाच कमी होतो!! शिवाय नत्र मिळतं, जमीन झाकलेली राहते, आणि नेपियर-डेस्मोडियम दोन्ही जनावराला चारा. घरी एक गाय बांधली की दूध, आणि दूध विकून रोज हातात येणारा पैसा बहुधा बाईच्या हातात राहतो.

फवारणी शून्य. पंप नको, कर्ज नको. हे करणाऱ्यांत बायकांचं प्रमाण मोठं आहे ते त्यामुळेच असं मला वाटतं.

अडचण पण लिहितो. डेस्मोडियमचं बी महाग आणि मिळायला कठीण. आणि ही वेल एकदा लावली की अनेक वर्षं राहते. ज्या बाईची जमीन वाट्याने किंवा भाड्याने आहे, पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहील का माहीत नाही, ती कशाला लावेल?

---

काळीमाती | सोमवार, रात्री ९:००

@किडा_मुंगी भारी. टारफुल्याचं वाचून अंगावर काटा आला.

जमिनीवरून आठवलं, इथिओपियात तिग्राय भागात १९९६ पासून कंपोस्टचं काम झालं. टेवोल्डे बेरहान गेब्रे एग्झियाभेर आणि स्यू एडवर्ड्स ही त्यामागची माणसं. खडकाळ, धूप झालेली जमीन, पाऊस बेभरवशाचा. त्यांनी सुरुवातीलाच एकट्या बायकांची घरं मुद्दाम घेतली. तिथे बाईने औत धरायचं नाही अशी रीत. (आपल्याकडे पण नांगराला बाईचा हात लागू देत नव्हतेच ना.) मग विधवा बाई काय करणार, शेजाऱ्याला सांगणार, त्याची स्वतःची पेरणी झाल्यावर तो येणार, तोवर वाफसा गेलेला. किंवा जमीन अर्धलीने देऊन टाकायची आणि अर्ध्या पिकावर जगायचं. कंपोस्ट मात्र तिला कुणाला न विचारता करता येतं, परसातला खड्डा तिचा. काही वर्षांच्या नोंदींत कंपोस्टच्या शेतांचं उत्पन्न खत टाकलेल्या शेतांच्या बरोबरीने किंवा त्याहून थोडं जास्त आलं. अर्थात खड्डा भरायला पाणी आणि शेण वाहून आणणारी पण तीच.

---

पैनगंगा | मंगळवार, सकाळी ६:४०

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूसवाला. लय लिहिता येत नाही पण हे वाचून राहवलं नाही.

२०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीने विषबाधा झाली, वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. माझा चुलतभाऊ आठ दिवस डोळ्याला पट्टी बांधून होता. फवारणारा गडी दिसतो सगळ्यांना, पण पाणी आणून देणारी, औषध कालवणारी, नंतर ते कपडे हाताने धुणारी बाई कुणी मोजत नाही.

आफ्रिकेत बेनिन देशात असंच झालेलं. १९९९-२००० ला तिथे कापसावर एंडोसल्फान आणलं कारण जुन्या औषधाला बोंडअळी दाद देत नव्हती, आणि उत्तरेच्या बोर्गू भागात माणसं मेली. कुणी फवारलेल्या शेतातलं खाल्लं, कुणी औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी ठेवलं. तिथे १९९६ पासून एक संस्था सेंद्रिय कापूस करत होती, लहान प्रमाणात. त्यात बायका पुढं आल्या त्याचं कारण मला पटलं. साध्या कापसाला खत-औषध उधारीवर मिळते ते गावच्या गटातून, आणि गटात नाव नवऱ्याचं. पैसे कापून उरलेले नवऱ्याला. सेंद्रियला उधारीच नको, कडुलिंबाचा अर्क घरी, शेण घरचं, मग बाई स्वतःचा वेगळा तुकडा करू शकते आणि त्या कापसाचे पैसे तिच्या हातात. पोटुशी आणि अंगावर पाजणारी बाई पण त्या शेतात जाऊ शकते, औषधाच्या शेतात जाऊ शकत नाही. एवढं साधं हाय.

उतारा कमी येतो सेंद्रियला हे मी मान्य करतो. पण कर्ज नाही.

---

लातूरकरीण | मंगळवार, सकाळी ८:१०

दादा, तुम्ही म्हणता लिहिता येत नाही. कपडे धुणाऱ्या बाईचं वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. चुलतभावाची नजर बरी आहे का आता?

---

पैनगंगा | मंगळवार, दुपारी १:०५

एका डोळ्याने कमी दिसते ताई. बाकी बरा आहे. फवारणी सोडली त्याने, आता हळद करतो.

---

विषुववृत्त | मंगळवार, रात्री ११:५०

कंपालाहून नमस्कार. बारा वर्षं झाली इथे. युगांडाचं लिहायलाच हवं कारण नोंदणीकृत सेंद्रिय शेतकऱ्यांच्या संख्येत भारताच्या खालोखाल युगांडाचं नाव बरीच वर्षं येत होतं, दोन लाखांच्या आसपास. कॉफी, कोको, तीळ, व्हॅनिला, अननस. इथली सेंद्रिय चळवळीची राष्ट्रीय संघटना नोगामू २००१ मधली. आणि २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या देशांनी मिळून एक सेंद्रिय मानक केलं, त्याचं चिन्ह किलिमोहाई. स्वाहिलीत किलिमो म्हणजे शेती आणि हाई म्हणजे जिवंत. जिवंत शेती! मला हा शब्द आपल्या सेंद्रियपेक्षा जवळचा वाटतो.

पण त्या दोन लाखांत नावं कुणाची हा प्रश्न आहे. युरोपला माल पाठवायला गटाचं प्रमाणपत्र लागतं, गटाच्या वहीत घराचं एक नाव, ते बहुतेक पुरुषाचं. कॉफी तोडते बायको, वाळवते बायको, पैसे घ्यायला सही करतो नवरा. कॉफी फुलोऱ्यात असतानाच पुरुष ती व्यापाऱ्याला विकून उचल घेतात (कोकणात मोहोरात बाग देतात तसं), आणि बायकोला ते तोडणीला कळतं.

कसेसे जिल्ह्यात, रुवेन्झोरी डोंगराच्या पायथ्याशी, बुकोन्झो जॉइंट नावाची सहकारी संस्था आहे, सेंद्रिय कॉफीवाली, सभासद बहुसंख्य बायका. मी तिथे कामानिमित्त दोनदा गेलोय. त्यांची एक पद्धत आहे, अक्षरओळख लागत नाही. कागदावर झाड काढायचं. एका बाजूच्या मुळांवर बाई कायकाय काम करते त्याची चित्रं, दुसऱ्या बाजूला पुरुष. वर फांद्यांवर कोण कशावर पैसा खर्च करतं. खोडावर कोणाच्या मालकीचं काय. नवरा-बायकोने एकत्र बसून काढायचं. एका घरात मी ते भिंतीला लावलेलं पाहिलं. मुळं सगळी एका बाजूला दाट आणि फांद्या दुसऱ्या बाजूला, ते झाड कुणालाही पडेल असंच वाटलं असतं. त्या घरच्या माणसाने मला स्वतः सांगितलं, हे काढेपर्यंत मला खरंच वाटत होतं की मी जास्त राबतो. नंतर दोघांनी मिळून जमिनीच्या कागदावर दोघांची नावं घातली. आणि मालाची प्रत सुधारली, कारण आता लालबुंद फळच तोडायचं हे बायको ठरवू शकते, हिरवी कॉफी घाईने विकायची गरज उरली नाही.

हे वाचून मला आपल्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती आठवली होती. माझ्या आजोबांनी त्यात दोन एकर आजीच्या नावे केले होते. आजी ते कागद देवघरात ठेवायची.

एक काळजीची गोष्ट. युरोपचा नवा सेंद्रिय कायदा आलाय, त्यात एका गटात दोन हजारच सभासद, गटाला स्वतःची कायदेशीर नोंदणी हवी. इथले जुने मोठे गट फोडावे लागतायत, खर्च वाढतोय. कागदपत्रं वाढली की आधी कोण गळतं ते सांगायला नको.

---

जिरायती | बुधवार, सकाळी १०:३०

झाडाच्या चित्राचं वाचलं. रात्री जेवताना बायकोला विचारलं आपल्याकडे काढलं तर कसं दिसेल. ती म्हणाली, हरभरा सोंगायला माणसं कोण बोलावतं, त्यांना चहा कोण देतं, बियाणं कोण निवडतं, आणि अडत्याची पट्टी कुणाच्या खिशात असते. मी गप्प झालो. खताबद्दलचं माझं मत तेच आहे, पण धागा वाचतोय.

---

लातूरकरीण | बुधवार, रात्री ९:४०

@जिरायती, वहिनींना नमस्कार सांगा.

आता जे सांगायला मी हा धागा काढला ते लिहिते. तुरीचं.

आठवतंय ना, २०१५ च्या दिवाळीला तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती. मग २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला की आम्ही तुमची तूर घेऊ, वर्षाला एक लाख टनांपासून वाढवत दोन लाखांपर्यंत. करार मोझांबिकशी, पण बातमी शेजारी मलावी, टांझानियात पण गेली. भारत नांडोलो घेणार! मुळात त्या भागातल्या तुरीचं मोठं गिऱ्हाईक आपणच, कारण त्यांची तूर ऑगस्ट-सप्टेंबरात येते, आपली संपत आलेली असते तेव्हा. गावोगाव लोकांनी तूर वाढवली. अमायीने भुईमुगाचा तुकडा पण तुरीखाली घातला.

आणि त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला, आपणही तूरच पेरली होती. २०१७ च्या सुरुवातीला लातूरला माझ्या भावाची तूर खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरमध्ये नऊ दिवस उभी. बारदाना (रिकामी पोती) नाही, बारदाना नाही हेच ऐकायचं. हमीभाव क्विंटलला ५०५० आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास. भाऊ फोनवर म्हणायचा, अक्का तिकडची तूर येणं बंद झाली पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर मर्यादा घातली, वर्षाला दोन लाख टन.

तेव्हा तिकडे काढणी चालू होती. मिलच्या फाटकाबाहेर ट्रक थांबले, मिलने घेणं बंद केलं. व्यापारी गावात जाईनात, गेले तर सांगतील तो भाव. अमायीने वर्षभर ज्यासाठी पाला गाडला तो माल मातीमोल गेला, अर्धा तर विकलाच नाही, घरी शिजवला. त्या वर्षी नातीची शाळेची फी राहिली. ती मला विचारत होती, तुमच्या देशातल्या लोकांनी नांडोलो खाणं सोडलं का?

काय सांगणार होते मी तिला. माझा भाऊ खोटं बोलत नव्हता, आणि ही पण नाही. दोघांच्या हातात तीच तूर, दोघांचा भाव ठरवणारे कुणीतरी तिसरेच. मी दोन्हीकडचा फोन घेत होते.

आफ्रिकेतल्या सेंद्रिय चळवळीतल्या ज्या बायका मोठ्या आवाजात बोलतात, सेनेगलच्या कासामान्सच्या मारियामा सोंको किंवा झिंबाब्वेतल्या शाशेच्या एलिझाबेथ म्पोफू, त्या बी आपलं, जेवण आपलं, आधी आपला बाजार असं का म्हणतात ते मला त्या ऑगस्टमध्ये कळलं. सोंकोंच्या ‘आम्हीच उत्तर आहोत’ नावाच्या चळवळीत पश्चिम आफ्रिकेतल्या लाखाच्या वर खेड्यातल्या बायका आहेत. २००६ मध्ये मोठ्या अमेरिकन फाउंडेशनांच्या पैशाने आफ्रिकेसाठी नवी हरितक्रांती सुरू झाली, संकरित बी आणि खताची. त्याला या बायकांनी सांगितलं की आमच्याकडे बी आहे, आम्हाला विचारा. म्पोफू स्वतः ज्वारी-बाजरी करतात आणि २०१३ पासून काही वर्षं त्यांनी जगभरच्या शेतकऱ्यांची ‘ला व्हिया कांपेसिना’ ही संघटना चालवली, हरारेमधून.

पुढच्या हंगामात अमायीने तूर कमी केली नाही. मी म्हटलं का गं, एवढं झालं तरी? म्हणाली जमिनीला लागते, आणि तुराट्या. तुराट्यांवर तिचा वर्षाचा स्वयंपाक होतो, नाहीतर सरपणाला डोंगर चढावा लागतो. फक्त भुईमूग परत आणला, म्हणाली तो पोरांचा.

---

काळीमाती | बुधवार, रात्री १०:३३

ताई, हे आपल्या डाळमिलवाल्यांनी आणि तूर आंदोलनवाल्यांनी पण वाचायला हवं. मी त्या रांगेत होतो, उदगीरला. मलावीचं नाव तेव्हा फक्त शिवीसारखं ऐकलं होतं.

त्या बाई कशा आहेत आता?

---

लातूरकरीण | गुरुवार, सकाळी ७:३०

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं, दक्षिण मलावीत हाहाकार झाला, अख्ख्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. अमायीचं घर वाचलं, मका आडवा झाला. तूर मात्र बऱ्यापैकी परत उभी राहिली, मुळं खोल असतात तिची. बांधाला तिने गिरिपुष्प लावलेला (हो, आपल्या कोकणात लावतात तोच, तिथल्या लोकांना संशोधन केंद्रांनी दिला), त्याने वरचा बांध धरून ठेवला असं मुलगी सांगत होती.

आता तिथून एक प्रश्न आलाय, म्हणून मुद्दाम विचारते. मुलगी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. तुरीच्या शेंगांत अळी आहे, हिरवट, शेंगेला गोल भोक पाडून डोकं आत. औषध घ्यायचं नाही, पैसेही नाहीत. कडुलिंब आहे जवळ. काय सांगू?

---

किडा_मुंगी | गुरुवार, सकाळी ८:४५

घाटेअळीच दिसतेय. निंबोळी अर्क पाच टक्के, म्हणजे पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवून शंभर लिटर पाण्याला, थोडा साबण घालून. पण अळी मोठी झाली असेल तर निंबोळीने फारसं होत नाही, ते अंडी आणि बारीक अळी असताना, फुलोऱ्यातच. पक्षी बसायला टी आकाराच्या काठ्या रोवायला सांगा, पक्षी वेचून खातात.

---

पैनगंगा | गुरुवार, दुपारी १२:१५

आमची आई झाड हलवायची. सकाळी, तुरीच्या दोन ओळीत जुनं लुगडं नायतर पोतं अंथरायचं आणि झाड गदागदा हलवायचं, मोठ्या अळ्या टपटप खाली पडतात. दोघी जणी लागतात, एक हलवायला, एक पोतं सरकवायला. मग गोळा करून टाकायच्या.

---

लातूरकरीण | शुक्रवार, रात्री ८:५०

@पैनगंगा तुमच्या आईचं तसंच्या तसं आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं, मोडक्या चिचेवात. आत्ता उत्तर आलं. दोन सकाळी हलवलं, चितेंजे अंथरून. अळ्या गोळा करायची गरज पडली नाही म्हणे, कोंबड्या मागेच होत्या. शेजारच्या दोघी पण उद्या येणार आहेत हलवायला.